न टिकणाऱ्या गाडीपाशी

डोळे मिटू नका. या मननाला डोळे उघडे लागतात, शिवाय कान लागतात आणि बोटांची टोकंही. समोर एक गाडी उभी आहे असं धरा. १९७१ सालची डॅटसन २४०झेड. जागा कॅलिफोर्नियातलं एखादं घराला लागून असलेलं गॅरेज, कारण ही गाडी जपानात जन्मली तरी नांदली मुख्यतः अमेरिकेत. लांबच लांब बॉनेट, मागं उतरत गेलेलं छप्पर, बैठक दोघांपुरती. आत एका ओळीत सहा सिलिंडर, २३९३ सीसी. शटर वर करा, एक स्टूल ओढा आणि बसा. पान्याला अजून हात लावायचा नाही.

आधी ती कुठून आली ते बघू. १९६९च्या ऑक्टोबरात निस्साननं ही गाडी जपानात लोकांसमोर आणली, फेअरलेडी झेड या नावानं. अमेरिकेतला कारभार पाहणारे युताका काटायामा यांना हे नाव तिकडच्या बाजारात चालेलसं वाटेना, म्हणून तिथं गाडीला नुसता आकडा आणि अक्षर लागलं. किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. युरोपातल्या महागड्या स्पोर्ट्स गाड्या परवडत नसलेल्या पगारदार तरुणासाठी ती होती आणि त्यानं ती उचलून धरली. १९७८पर्यंत या घराण्यातल्या पाच लाखांहून जास्त गाड्या खपल्या. काटायामा पुढं १०५ वर्षं जगले. गाडीनं इतकं जगावं अशी मात्र कुणाचीच अपेक्षा नव्हती.

आजचा विषय हाच, त्यामुळं इथं थोडं रेंगाळू. काही वस्तू टिकाव्यात म्हणूनच घडवलेल्या असतात. देवघरातली समई घ्या. पिढ्या उलटल्या तरी तिला चिंचेपलीकडं फारसं काही लागत नाही. ही गाडी तशी नाही. पत्रा पातळ, गंजापासून संरक्षण बेताचं, पोकळ भागांत पाणी शिरलं तर निघायला वाट अपुरी. काही वर्षं मजेत चालवावी, मग विकून नवी घ्यावी, असाच त्या काळातल्या बहुतेक मोटारींचा हिशेब. म्हणजे तुम्ही जे टिकवायला बसला आहात, ते टिकण्यासाठी बनलेलंच नाही. या छंदाला लोक जपणूक म्हणतात. मला तो गाडी बनवणाऱ्याच्या हिशेबाशी घातलेला वाद वाटतो. प्रेमानं घातलेला, पण वादच.

आता उठा. बॉनेटचा खटका ओढा. ते पुढच्या बाजूला बिजागरीवर आहे, म्हणजे काचेकडून उचललं जाऊन पुढं कलंडतं. बॅटरी कुठं बसते ते शोधा, मागच्या कोपऱ्यात, आतल्या पत्र्याला लागून. बॅटरीखालचा ट्रे बोटानं चाचपा. वर्षानुवर्षं ॲसिड ठिबकून तो पत्रा खाल्ला जातो, आणि ट्रेवर न थांबता ॲसिड खालच्या मुख्य सांगाड्यापर्यंत उतरतं. वायपरच्या खाली जाळी आहे. तिच्यातून पानं आत पडतात, कुजतात, पाण्याची वाट अडवतात. मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा, पायाखालची जमीन, मागच्या दाराची कड, या सगळ्या ठिकाणी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोका आणि ऐका. धड पत्रा टणकन बोलतो. आत गंज असेल किंवा वर लांबी थापलेली असेल, तर आवाज बद्द येतो. खात्री हवी असेल तर चुंबक लावून पाहा. लांबीला तो धरत नाही.

घाई न करता गाडीभर असं ठोकत जा. नवा रंग बघून भुललेले आणि पत्र्याचा आवाज न ऐकलेले लोक या छंदात खूप आहेत. मिशिगन, ओहायोकडं हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. तिकडच्या बऱ्याच २४०झेड त्या मिठानंच संपवल्या आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या हवेत त्या जास्त उरल्या. किनाऱ्याजवळ, खाऱ्या वाऱ्यात दुचाकी ठेवणाऱ्या रत्नागिरी-मालवणच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

गंज सापडला की दोन वाटा असतात. कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायचा, किंवा लांबी भरून वरून रंग मारायचा. दुसरी वाट विकणाऱ्याची, ठेवणाऱ्याची नव्हे. पत्र्याचं याहून जास्त बोलायला नको, कामच तसं कंटाळवाणं आणि धुळीचं आहे. आपण पुढं जाऊ.

आता एक स्क्रू निवडा. एकच. पुढच्या दिव्याच्या कडीचा घ्या हवं तर. पन्नासहून जास्त वर्षं तो तिथं आहे. डोक्यावर फुलीसारखी खाच आहे, आणि हातात आपसूक येतो तो नेहमीचा फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर. तो लावू नका. टॉर्च तिरकी धरून डोकं जवळून बघा. खाचेच्या बाजूला सुईच्या टोकाएवढा एक ठिपका दिसला, तर तो जपानी मानकाचा, म्हणजे जेआयएसचा स्क्रू आहे. नाही दिसला, तरी या गाडीवर तो जपानीच असेल असं समजा. दिसायला दोन्ही खाचा सारख्या, पण कोनांच्या घडणीत फरक आहे. फिलिप्सचं टोक या खाचेत पुरतं बसत नाही, जोर लावला की उसळून बाहेर येतं आणि येताना कडा खरवडून नेतं. दोनदा असं झालं की डोकं गोल. मग ड्रिल मारण्यावाचून गत नाही. जपानी स्क्रू मऊ असतात, अशी तक्रार करणारे मेकॅनिक तुम्हाला भेटतील. बऱ्याचदा दोष स्क्रूचा नसतो, हत्याराचा असतो. ओसाकाच्या व्हेसल कंपनीचा असतो तसा, जपानी मानकाचा स्क्रूड्रायव्हर घेतला तर तो खाचेत पुरता बसतो, सहजी उसळत नाही.

आता आट्यांत तेल सोडा आणि थांबा. थांबणं हा इथं कामाचाच भाग आहे. तेल गंजातून झिरपायला तास लागतील, कदाचित रात्र लागेल. उद्या सकाळी स्क्रूड्रायव्हर खाचेत ठेवून मागून हातोडीचा एक हलका ठोका द्या, म्हणजे गंजाची पकड फुटेल. मग तळहात मुठीमागं दाबून आधी किंचित आवळण्याच्या दिशेनं फिरवा आणि नंतर सोडण्याच्या. कुठंतरी ‘टक्’ असं होईल. मनगटाला ते कानांच्या आधी कळतं. निघालेला स्क्रू लगेच डब्यात टाकू नका, आटे बघा. दिव्याची ती बाजू किती पाणी प्याली होती, हे आट्यांच्या रंगावरून समजतं. घासून, ग्रीस लावून तोच परत बसवा. बाजारात स्टेनलेसचा चकचकीत स्क्रू मिळतो आणि तो गंजतही नाही. पण चालत असलेला मूळ भाग काढून नवा घालणं मला पटत नाही. निस्साननं स्वतः १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत काही जुन्या २४०झेड विकत घेऊन, नव्यासारख्या करून पुन्हा विकल्या होत्या. माझदा आपली पहिल्या पिढीची रोडस्टर हिरोशिमात दुरुस्त करून देते, टोयोटाही काही जुन्या मॉडेलचे भाग पुन्हा बनवू लागली आहे. जिथं भागच उरलेला नाही तिथं हे मोठं उपकाराचं काम. जिथं उरला आहे, तिथं कॅटलॉग मिटून ठेवावा.

आता कानांचं काम. इंजिनाच्या बाजूला दोन कार्बोरेटर आहेत, घुमटासारखी डोकी असलेले. हिताचीचे, पण घडण ब्रिटिश एसयूची. जुन्या ॲम्बॅसडरवर हात काळे केलेल्या कुणालाही ही घडण ओळखीची वाटेल. इंजिन बंद असताना एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडातून बोट घालून आतला पिस्टन वर उचला आणि सोडा. तो अडखळता कामा नये, तळाशी टेकताना बारीकसा ‘खट्’ आला पाहिजे. घुमटाच्या टोपणाखाली थोडं तेल असतं. ते असेल तर पिस्टन वर उचलताना जड लागतो. अगदी सहज उचलला गेला, तर तेल संपलंय. एवढ्याशा तेलावाचून गाडी ॲक्सिलरेटर दाबला की धक्के खाते, आणि लोक इंजिन खोलायला निघतात.

मग इंजिन सुरू करून पुरतं गरम होऊ द्या. हातभर रबरी नळी घ्या. एक टोक कानाशी, दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत हवा ओढली जाण्याचा ‘स्स्स’ ऐकू येईल. आता दुसऱ्याचा ऐका. पुन्हा पहिल्याचा. एकाचा आवाज मोठा असेल तर त्याचा स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा, आणि इंजिन स्थिर होईपर्यंत हात मागं घ्या. पुन्हा ऐका. यासाठी आकडा दाखवणारं यंत्र मिळतं, आणि ते वापरण्यात काही कमीपणा नाही. पण आधी कानानं करून बघा, म्हणजे यंत्र काय सांगतंय ते समजेल. टॅपेटला मात्र कानाच्या भरवशावर राहू नका, तिथं फिलर गेजच हवा. गरम इंजिनावर इन्टेकला ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.३०.

गाडी उभी राहिली, चालू लागली, म्हणजे काम संपलं असं वाटतं. फोटो काढून कव्हर घालून ठेवणारे पुष्कळ. जुन्या गाडीला उभं राहण्यासारखं वाईट काही नाही. पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्या काळच्या रबरी पाइपांना मानवत नाही, आणि आता आपल्याकडच्या पंपांवरही वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंच आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. गाडी हलली काय, न हलली काय, ते शोषतच राहतं, आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. दर दोन वर्षांनी ते बदलावं लागतं.

खुद्द जपानात तर जुनी गाडी ठेवणं खर्चाचंच करून ठेवलंय. नोंदणीला १३ वर्षं उलटली की पेट्रोलवरच्या खासगी गाडीचा वार्षिक कर साधारण १५ टक्क्यांनी वाढतो, शिवाय दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी. स्वच्छ हवेसाठी नवी गाडी घ्या, हा त्यामागचा विचार, आणि त्यात तथ्य आहे. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीला तो लागू पडतो. महिन्यातून दोन रविवार बाहेर पडणाऱ्या गाडीला कितपत, हे विचारण्याजोगं आहे. तरीही तिथं वाढीव कर भरून गाड्या ठेवणारे लोक आहेत. त्यांचा वादही कंपनीच्या आणि सरकारच्या हिशेबाशीच आहे, आणि तो ते दर दोन वर्षांनी, पैसे मोजून घालतात.

तुमच्या दारात २४०झेड नसेल. पण सुझुकीच्या घडणीची, ७९६ सीसीची जुनी मारुती ८०० असू शकेल, किंवा यामाहाची आरएक्स १००. तिच्या इंजिनाच्या झाकणावरही फुलीचे तेच जपानी स्क्रू आहेत, आणि त्यांतले निम्मे कुणीतरी आधीच गोल केलेले असतील. या रविवारी जेआयएसचा एक चांगला स्क्रूड्रायव्हर विकत घ्या. गाडी असेल तर ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, त्याची पावती शोधा. पावती सापडली नाही तर बदलूनच घ्या. आणि संध्याकाळी गाडी घेऊन गावाबाहेर वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन या.