लिहिणाऱ्याची झोप

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी होती. हजारेक वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली, तेव्हा काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न त्याने इथेच लावलं. ही गोष्ट आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. मला मात्र त्याच ग्रंथातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कवित्वाच्या आठ माता सांगताना राजशेखराने पहिला मान स्वास्थ्याला दिला आहे. प्रतिभेचं नाव त्यानंतर येतं.

कवीचा दिवसही तो प्रहरांत वाटून देतो. सकाळी अध्ययन, मग रचना, दुपारी जेवण झाल्यावर जाणकारांशी चर्चा, चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेची तपासणी. रात्रीचे मधले दोन प्रहर गाढ झोपेचे, म्हणजे सहा तास. शरीराच्या आरोग्यासाठी ही झोप हवीच, असं तो स्पष्ट सांगतो. आपण मात्र ‘रात्रभर जागून लेख पुरा केला’ हे अजूनही अभिमानाने सांगतो आणि ऐकणाराही मान डोलावतो.

पण राजशेखराच्या कवीजवळ लेखनिक असे. त्याचं अक्षर सुंदर हवं, त्याला सगळ्या भाषा याव्यात, अशी अपेक्षा आहे. त्याच्या पाठीचं काय? कारंजा लाडच्या जैन मंदिरांत हस्तलिखितांची मोठी भांडारं आहेत. अशा पोथ्या पानापानाने कुणाच्या तरी हाताने उतरल्या. देशभरच्या पोथ्यांच्या शेवटी नकलकारांचं एक गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा भेटतं: पाठ, कंबर, मान मोडली, डोळे ताठले, फार कष्टाने लिहिलंय, तेव्हा ग्रंथ जपा. बिचारा ग्रंथ जपायला सांगतो, स्वतःला नाही.

हे वाचलं आणि मला माझ्या लेखांचं डीटीपी करणाऱ्या मुलाची मान आठवली. मी दुपारी विश्रांती घेई, संध्याकाळी फिरून येई, तब्येत सांभाळून लिही आणि मजकूर रात्री दहाला पाठवी. माझी झोप शाबूत राही, त्याची मोडे. वर्षभर हे चाललं. मानेला पट्टा लावून तो पान लावत होता, तेव्हाही मी फोनवर दोन ओळी बदलायला सांगितल्या. त्याने बदलल्या.

आता लेख पान लागण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत त्याच्याकडे जातो. त्यानंतर एखादा शब्द खटकला, तरी मी फोन उचलत नाही.