धरणावरची भेग

पर्यावरणवादी अतिरेक्यांवरची थरारकथा बहुधा एकाच साच्यातून निघते. निसर्गाच्या प्रेमापायी माणसाचा द्वेष करू लागलेली एक गुप्त टोळी, तिच्या हाती लागलेले भयंकर तंत्र, ठरलेला दिवस आणि घटका, आणि हे सारे ज्याला कळले आहे पण ज्याचे कोणी ऐकत नाही असा एक माणूस. टॉम क्लॅन्सीच्या १९९८ च्या ‘रेनबो सिक्स’मध्ये अशी मंडळी सिडनीच्या ऑलिंपिकमधून विषाणू पसरवून मानवजात संपवायला निघतात. मायकल क्रायटनच्या २००४ च्या ‘स्टेट ऑफ फिअर’मध्ये ती अंटार्क्टिकाचा बर्फ फोडण्याचा, अचानक पूर आणण्याचा आणि प्रशांत महासागरात त्सुनामी उठवण्याचा घाट घालतात. हवामानबदलाच्या परिषदेच्या मुहूर्तावर जगाला भय दाखवायचे, हा त्यांचा हेतू. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा साचा परका नाही. गुन्हा घडला म्हणजे गुन्हेगार असणार, आणि शेवटच्या प्रकरणात तो सापडणार.

साच्याच्या बुडाशी थोडे वास्तव आहे. अमेरिकेत थिओडोर कझिन्स्की याने १९७८ ते १९९५ या काळात टपालाने आणि हस्ते बॉम्ब पोचवून तिघांचे प्राण घेतले, तेविसांना जखमी केले. यंत्रसंस्कृतीविरुद्धचा त्याचा जाहीरनामा १९९५ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने छापला. ‘अर्थ लिबरेशन फ्रंट’च्या लोकांनी १९९८ मध्ये कोलोरॅडोतल्या व्हेल येथील स्कीइंगच्या इमारती पेटवल्या. ही कृत्ये खरी होती आणि कझिन्स्कीने केलेल्या हत्यांना कोणतेही समर्थन नाही. पण एखादी नदी, एखादे शहर किंवा एखादे खोरे अशा टोळीने बुडवल्याचे उदाहरण या इतिहासात नाही. या परंपरेतली बहुधा सर्वांत प्रसिद्ध कृती अगदी निरुपद्रवी होती. एडवर्ड ॲबीच्या १९७५ च्या ‘द मंकी रेंच गँग’ या कादंबरीतल्या पात्रांना कोलोरॅडो नदीवरचे ग्लेन कॅन्यन धरण उडवायचे असते. २१ मार्च १९८१ रोजी ‘अर्थ फर्स्ट’च्या कार्यकर्त्यांनी त्याच धरणाच्या भिंतीवरून सुमारे तीनशे फूट लांबीची काळ्या प्लास्टिकची पट्टी सोडली. लांबून पाहणाऱ्याला भिंतीला भेग गेल्यासारखे वाटे. पुढे पट्टी निघाली आणि धरण जागच्या जागी राहिले.

थरारकथेला लागते ती इच्छा. संकटामागे कोणाची तरी इच्छा हवी, नाहीतर नायकाने थांबवायचे कोणाला? वाळू, पाऊस, मंजुरीची फाइल, बदललेला नकाशा, वेळेवर न झालेली दुरुस्ती यांना खलनायक करता येत नाही. म्हणून हा वाङ्मयप्रकार अपघाताचे घातपातात रूपांतर करतो. कादंबरीपुरते ते ठीक आहे. अडचण होते ती हीच सवय राज्यकारभारात शिरली म्हणजे. क्रायटनची कादंबरी डिसेंबर २००४ मध्ये बाजारात आली आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला हिंदी महासागरात कोणाच्याही हाताविना त्सुनामी उठली. तरीही सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या पर्यावरण समितीने हवामानशास्त्राच्या प्रश्नावर साक्ष द्यायला क्रायटनला बोलावले.

गोदावरीच्या काठी ही सवय आणखी जवळून दिसली. २१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी तेलंगणाच्या कालेश्वरम प्रकल्पातल्या मेडिगड्डा बॅरेजवर मोठा आवाज झाला आणि सातव्या ब्लॉकमधले खांब खचले. पंच्याऐंशी दरवाजांचे हे बॅरेज जून २०१९ मध्ये सुरू झालेले, म्हणजे जेमतेम पाच पावसाळे पाहिलेले. एका तीरावर तेलंगणातले महादेवपूर, दुसऱ्या तीरावर गडचिरोलीचा सिरोंचा तालुका. तेलंगणात विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम होती. पाटबंधारे खात्याकडून पोलिसांत तक्रार गेली, घातपाताचा संशय व्यक्त झाला आणि सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा अज्ञात व्यक्तींवर नोंदला गेला. थरारकथेचे पहिले प्रकरण इथे लिहून तयार होते.

दुसरे प्रकरण राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने लिहिले आणि त्यात टोळी नव्हती. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात बाहेर आलेल्या तिच्या अहवालाने बोट ठेवले ते नियोजन, संकल्पन, गुणवत्ता-नियंत्रण आणि देखभाल यांवर. बॅरेज वाळूवर उभे असते. पायाखालून पाणी झिरपू लागले आणि त्याबरोबर वाळूचे कण वाहून जाऊ लागले की आत पोकळी होते, वरचे काँक्रीट अधांतरी राहते, मग एका दिवशी खांब बसतो. ही क्रिया संथ असते. तिला ना मुहूर्त असतो, ना धमकीचे पत्र. पाहणी नियमित झाली तर ती पकडता येते, पण पाहणीची नोंदवही ही थरारकथेची सामग्री नव्हे. पुढे मार्च २०२४ मध्ये न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल जुलै २०२५ मध्ये आला.

मेडिगड्ड्याची मुळे मात्र जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात आहेत. मूळ योजना ‘प्राणहिता-चेवेल्ला’ या नावाची होती. तिचे बॅरेज वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होतात त्या तुम्मिडीहट्टीला व्हायचे होते. हा भाग आज कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतो. तिथे १५२ मीटर पाणीपातळी धरली असती तर चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जमिनी बुडाल्या असत्या, चपराळा अभयारण्याचा प्रश्नही होता. महाराष्ट्राने १४८ मीटरवर मान डोलावली. चार मीटरच्या या फरकातून पुढचे सारे घडत गेले असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण तेलंगणातही या बदलावर आजवर तीव्र मतभेद आहेत. पण प्रकल्पाचे ठिकाण खाली मेडिगड्ड्याला गेले आणि तिथून पाणी नदीच्या उलट दिशेने येल्लमपल्लीपर्यंत उपसून नेण्याची रचना झाली, एवढे खरे. २३ ऑगस्ट २०१६ ला मुंबईत दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्यात मेडिगड्डा आणि तुम्मिडीहट्टीबरोबर पैनगंगेवरचे चनाखा-कोरटा बॅरेजही होते. ते आदिलाबाद आणि यवतमाळ यांच्या सीमेवर आहे. हे सगळे उघड कागदांवर झाले, छायाचित्रे निघाली. पाणी तुंबल्याने सिरोंच्याच्या ज्या शेतकऱ्यांचे पीक गेले, त्यांना कट शोधण्याची गरज नव्हती. त्यांना मोबदला हवा होता.

कडेम धरणाची गोष्ट याहून साधी आहे. जुन्या आदिलाबादमधले, आता निर्मल जिल्ह्यातले हे धरण बांधकाम चालू असतानाच १९५८ च्या पुरात फुटले होते, मग त्याला जादा दरवाजे बसवले गेले. तरीही जुलै २०२२ मध्ये सुमारे तीन लाख क्युसेक सोडू शकणाऱ्या या धरणात पाच लाखांहून अधिक पाणी आले आणि त्यात एक दरवाजा उघडेना. खालची गावे रातोरात रिकामी केली गेली. पुढच्या वर्षीही दरवाजे अडकले. कोणी धमकी दिली नव्हती, पण गावकऱ्यांची ती रात्र कोणत्याही कादंबरीपेक्षा लांब होती.

‘अतिरेकी’ हा शब्द या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात वापरला गेला तो दुसऱ्याच लोकांसाठी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत निजामाच्या वन खात्याने राखीव जंगलाच्या सीमा आखायला सुरुवात केली. गोंड आणि कोलाम ज्या जमिनी फिरत्या पद्धतीने कसत, त्या एका रात्रीत अतिक्रमण ठरल्या. तेलंगणात याला ‘पोडू’ म्हणतात, विदर्भात ‘जबरानजोत’. दोन्ही शब्दांत कसणाऱ्याचा घाम आहे, पण दुसऱ्यात गुन्ह्याचा शिक्काही आहे. कुमरम भीम याने जोडेघाटच्या आसपासच्या बारा गावांसाठी जमीन मागितली, नकार आल्यावर शस्त्र हाती घेतले आणि १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याचा स्मृतिदिन इंग्रजी तारखेने पाळत नाहीत. आश्विनातल्या पौर्णिमेला, म्हणजे मराठी घरांत कोजागरीचे दूध आटवले जाते त्याच दिवशी, जोडेघाटला लोक जमतात.

निजामाच्या सरकारने त्यानंतर जे केले ते त्या काळात विरळा होते. बंड का झाले हे शोधायला त्याने एक मानववंशशास्त्रज्ञ नेमला. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हा ऑस्ट्रियन. महायुद्धामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरलेला आणि म्हणून हैदराबाद संस्थानात अडकलेला. मारलावाईच्या गोंडांत तो पत्नी बेटीसह राहिला. गोंडी मुलांसाठी शाळा निघाल्या, शिक्षक तयार झाले, गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. किनवट आणि राजुरा तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते आणि या पट्ट्यातल्या बऱ्याच गोंडांची दुसरी भाषा मराठी होती. हायमेंडॉर्फच्या निष्कर्षाचा गाभा असा की, जमिनीची तक्रार वेळेवर ऐकली असती तर जोडेघाट टळले असते. त्यानंतर पट्टे वाटले गेले. बेटीची समाधी मारलावाईलाच आहे.

२०२२ च्या ‘आरआरआर’ चित्रपटात भीम वाघांसह ब्रिटिशांच्या हवेलीवर चालून जातो. चित्रपटाने हे नाव जगभर नेले, हे खरेच मोलाचे आहे. पण त्याच्यातून बारा गावे आणि जमिनीचा पट्टा गळून पडला. थरार शिल्लक राहिला आणि मागणी गेली.

मागणी काही संपली नव्हती. रस्ते आले, कापूस आला, त्यामागून बाहेरचे शेतकरी आणि सावकार आले. अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९७० चा कडक नियम झाला. लोक त्याला आजही ‘एक सत्तर’ म्हणतात. पण हस्तांतर थांबले नाही. २० एप्रिल १९८१, सोमवार, आदिलाबादमधल्या इंद्रवेल्लीचा बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु कुली संघमने सभा बोलावली होती आणि तिला परवानगी नाकारली होती. नाकारल्याची बातमी न पोचलेले गोंड गावोगावहून चालत येत होते. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, लोकांचा त्याच्या कितीतरी पट. ग्लेन कॅन्यनवर प्लास्टिकची भेग उलगडली त्याला तेव्हा बरोबर तीस दिवस झाले होते. ग्लेन कॅन्यनच्या त्या घटनेवर पुढे माहितीपट निघाले, पुस्तके निघाली. इंद्रवेल्लीचा स्मृतिस्तंभ १९८६ मध्ये पाडला गेला, पुन्हा बांधावा लागला आणि अनेक वर्षे २० एप्रिलला तिथे जमावबंदी राहिली. संघटनेमागे नक्षलवादी होते हे नाकारण्याचे कारण नाही. पण बाजाराला आलेल्या माणसाच्या मनात पट्टा होता, आणि त्याला अतिरेकी ठरवले की पट्ट्याविषयी बोलायचे कारणच उरत नव्हते.

गेल्या काही वर्षांत जंगलाच्या बाजूने बोलणारे आणि जंगलात राहणारे यांतली ओढाताण उघड झाली आहे. याच पट्ट्यातले कवल अभयारण्य २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. ताडोबातून वाघ प्राणहिता ओलांडून कागजनगरच्या रानात येतात, कापूस वेचणाऱ्या बाईवर झडप घालतात, गुरे मारतात. जानेवारी २०२४ मध्ये त्याच भागात दोन वाघ मेलेले सापडले, विषप्रयोगाने. त्याआधी, जून २०१९ मध्ये रोपे लावायला गेलेल्या वन अधिकारी महिलेला जमावाने काठ्यांनी मारले होते. ती मारहाण निंद्य होती आणि तिचे मूळ जोतीच्या जमिनीत होते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. जून २०२३ मध्ये आसिफाबादहूनच पोडू पट्ट्यांच्या वाटपाला सुरुवात झाली. मे २०२५ मध्ये सरकारने ताडोबा आणि कवल जोडणारे सुमारे दीड लाख हेक्टर क्षेत्र ‘कुमरम भीम संवर्धन राखीव’ म्हणून जाहीर केले. ज्याने राखीव जंगलाच्या सीमेविरुद्ध प्राण दिला, त्याचेच नाव नव्या सीमेला. आदिवासी संघटनांनी बंद पाळला आणि जुलैत तो आदेश स्थगित झाला. वाघाला मार्ग लागतो, हे जीवशास्त्राने सिद्ध केलेले आहे. तो मार्ग ज्यांच्या शेतातून जातो त्यांना आधी विचारणे लागते, हे २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहिलेले आहे. या दोहोंत कोणीही खलनायक नाही, म्हणून यावर कादंबरी लिहिणे अवघड आणि आदेश काढणे सोपे.

हायमेंडॉर्फने आणखी एक गोष्ट सुरू करून दिली. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी आणायला जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूपर्यंत अनवाणी चालत जातात, म्हणजे आजच्या कवल प्रकल्पाच्या परिसरातून. त्या पाण्याने नागोबाचा अभिषेक होतो. यवतमाळ-चंद्रपूरकडूनही गोंड येतात. जत्रेतच, जोडेघाटनंतरच्या त्या वर्षांपासून, दरबार भरतो. जिल्हाधिकारी आणि खातेप्रमुख जत्रेत येऊन बसतात, लोक अर्ज घेऊन रांगेत उभे राहतात. पट्टा, रस्ता, बोअरवेल, शाळेतला शिक्षक, वाघाने मारलेल्या बैलाची भरपाई. अर्जावर नाव, गाव आणि मंडल लिहिलेले असते.