आमच्या विहिरीचे पाणी कोणाचे?

वसईच्या पश्चिम पट्टीत ज्यांचे घर आहे, त्यांस विहीर ही काय वस्तू आहे हे सांगावयास नको. घर पडून नवे होते, वाडीचे तुकडे होतात, भावाभावांत भिंती उठतात. परंतु विहीर जेथल्या तेथे राहते, आणि वाटणीपत्रात तिच्यापुढे 'सामाईक' एवढा एकच शब्द पडतो. आमच्या वाट्यास मात्र अखंड विहीर आली. तिच्यासमोर पूर्वी केळीची बाग होती व बागेच्या कोपऱ्यात एक बावखल होते. केळी मोडल्या, बावखल डासांच्या तक्रारीस्तव भरून टाकिले, आणि त्या सपाट झालेल्या जागेवर तीन वर्षांपूर्वी आम्ही हिरवळ लाविली. तिला पाणी देण्याकरिता विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप बसविला. त्या पंपाने आमच्या मनात जो प्रश्न उभा केला, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

काम दीड दिवसाचे. कारागिराने कठड्यालगत विटांचा ओटा बांधून त्यावर पंप बसविला, सक्शनचा पाइप विहिरीत सोडिला व त्याच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह लाविला. पंप थांबल्यावर पाइपातील पाणी खाली निसटू नये, एवढ्याकरिता ही झडप. ती गळकी असली, अगर एखाद्या सांध्यातून हवा शिरली, तर रोज सकाळी पंपात वरून पाणी ओतीत बसावे लागते. हा अनुभव आम्ही पहिल्याच आठवड्यात घेतला. वस्तुतः असा पंप पाणी ओढीत नाही. तो पाइपातील दाब कमी करितो, आणि विहिरीच्या पाण्यावर पडलेला वातावरणाचा भार ते पाणी वर ढकलतो. हा भार तत्त्वतः दहा मीटरांहून थोडे अधिक, व्यवहारात सात-आठ मीटर, एवढेच पाणी चढवू शकतो. आमच्या विहिरीचे पाणी भर उन्हाळ्यातही पाच मीटरांच्या आत असते. म्हणजे निसर्गाने या यंत्रास घातलेली मर्यादाही आमच्या आड येत नव्हती. बटण दाबावे, चहा घ्यावा, आणि चहा होईतो अंगण भिजलेले असावे!

याच विहिरीवर आमच्या आजोबांच्या काळी रहाट होता. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा विचार नाही. बैलाच्या मानेवरचे घट्टे आणि त्याच्यामागून फिरणाऱ्या पोराची बुडालेली शाळा ज्यांनी पाहिली, ते रहाटावर कविता करणार नाहीत. परंतु रहाटाच्या अंगी एक गुण होता, व तो कोणी मुद्दाम घातलेला नव्हता. बैल दमे, तेव्हा पाणी थांबे. शिवाय रहाटाची कुरकुर चार वाड्यांत ऐकू जाई. कोणी किती पाणी उपसले, हे शेजाऱ्यांस न विचारता कळत असे. पंपास थकवा नाही आणि त्याच्या आवाजावरून कोणास काही समजत नाही. पूर्वी बैलाच्या अंगात असलेली मर्यादा आता माणसाच्या मनात असावी लागते, आणि आमच्या मनात ती होती असे आम्हांस प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

आमच्या पश्चिमेस, समुद्राच्या बाजूला, एका काकींची वाडी आहे. मोगरा आणि सोनचाफा ही त्यांची उपजीविका. गतवर्षी वैशाखात त्या एका सकाळी तांब्या घेऊन आमच्या ओटीवर आल्या. त्यांनी तक्रार अशी केलीच नाही. "भाऊ, जरा चाखून बघा," एवढेच म्हणाल्या. पाणी मचूळ होते. मोगऱ्याची पाने कडेने करपू लागली आहेत, असे त्यांनी जाता जाता सांगितले. आमचे फवारे त्या वेळी चालू होते; काकींनी तिकडे पाहिले की नाही, हे आम्हांस आठवत नाही, कारण आम्हीच त्यांच्याकडे पाहण्याचे टाळिले.

काकींची विहीर आमच्या पंपाने खारावली काय? कोणत्याही न्यायालयात हे सिद्ध होणार नाही. पण किनाऱ्याच्या भूमीत गोड्या पाण्याची स्थिती कशी असते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील बाडोन गायबेन याने, व १९०१ मध्ये जर्मनीतील हेर्त्सबर्ग याने दाखवून दिले आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून शेकडा अडीच या मानाने जड. म्हणून जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते, आणि समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी मिळते. उलट, वरची पातळी एक फूट उतरली, की खालून खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू पाहते. किनाऱ्याच्या वाडीतले पाणी हा नुसता साठा नव्हे, तो समुद्रास थोपविणारा बांध आहे. बांधातून आपण घागरभर माती काढिली, तर ती घागरभरच असते काय?

आमच्या एका इंजिनियर मित्रांनी यावर हिशेब मांडिला. हिरवळ एक हजार चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. उन्हाळ्यात तिला रोज पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरिले, तर दिवसाला ४६५ लिटर झाले. शहरातील एका माणसास दररोज १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी प्रमाण आहे. तेव्हा आमचे गवत साडेतीन माणसांचे पाणी पिते. पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांत हे सव्वा लाख लिटरांच्या आत राहते. "परंतु," मित्र म्हणाले, "तेवढ्याच जागेवर आपल्याकडे चातुर्मासात दोन मीटरांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पावणेदोन लाख लिटरांहून अधिक. तुम्ही घेता त्याहून तुमच्या जमिनीस जास्त मिळते. मग दोष कसला?" युक्तिवाद बिनतोड दिसतो, आणि काही दिवस आम्ही त्याच्या आधाराने स्वस्थ झोपलोही. पण पडलेला पाऊस सगळाच मुरत नाही. पुष्कळसा वाहून खाडीस मिळतो. तो अडवून हळूहळू मुरविण्याकरिताच तर वाडवडिलांनी बावखले खणिली होती! जेथून पाणी आत जात होते ते तोंड आम्ही बुजविले, त्यावर हिरवळ पसरिली, आणि ती हिरवी राहावी म्हणून शेजारच्या तोंडातून पाणी काढू लागलो. हा भाग मित्रांच्या हिशेबात नव्हता. आम्ही त्यांस तो सांगितलाच नव्हता.

कायदा आमच्या बाजूस आहे. १८८२ च्या ईझमेंट ॲक्टात, निश्चित प्रवाहाने न वाहणारे आपल्या जमिनीखालील पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क प्रत्येक मालकाचा म्हणून सांगितला आहे. या विचाराचे मूळ इंग्लंडात. लँकेशायरमधील एका सूतगिरणीवाल्याची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. १८४३ मध्ये 'ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल' या खटल्यात न्यायाधीशांनी खाणवाल्याच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या कारणांपैकी एक मोठे लक्षणीय आहे: नदी डोळ्यांस दिसते, भूमिगत पाणी दिसत नाही, त्याचे मार्ग कोणास ठाऊक नाहीत, तेव्हा त्याबद्दल शेजाऱ्याशी काही बंधन मानले गेले असे म्हणता येत नाही. म्हणजे हा हक्क अज्ञानाच्या पायावर उभा आहे. अज्ञान खरे होते तोवर तो न्याय्यही होता. पण आता पाणी कोठून येते, कोठे जाते व उपशाने काय होते हे शाळेतल्या मुलासही शिकविता येते. पाया निघाल्यावर कायद्याचे घर काही काळ उभे राहू शकते. सदसद्विवेकबुद्धीने त्यात राहावे काय, हा प्रश्न निराळा. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने या हक्कास काही मर्यादा घातल्या आहेत, पण आमच्या पाच मीटर पाण्याच्या विहिरीपर्यंत त्यांचा हात अद्याप पोचलेला नाही. मालकी असणे एक, ती कशी चालवावी हे दुसरे. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला, तेव्हा त्या हौदावरची त्यांची मालकी कोणी नाकारीत नव्हते.

येथे एक लाजिरवाणी आठवण सांगितली पाहिजे. विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात वसईच्या विहिरींतून टँकर भरभरून पाणी बाहेर जाऊ लागले, आणि त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. त्या सभांना आम्हीही जात असू. पाणी विकणाऱ्यास आम्ही वसईचा वैरी म्हणत होतो, व आजही आमचे मत बदललेले नाही. पण त्या टँकरांतले थोडे तरी पाणी कोणा तहानलेल्याच्या घागरीत पडत असेल. आमचे पाणी गवताने प्यायले. तेही परक्या गवताने. इंग्लंडात बारमाही पाऊस, म्हणून तेथे लॉन आपोआप वाढते. आपल्याकडे हिरवळ हा शब्दच मुळी आपण होऊन उगवणाऱ्या गवताचा आहे. ज्येष्ठात येते, कार्तिकात पिवळी पडते.

"तुम्ही एकट्याने पंप बंद केल्याने काय होणार? हजारो पंप चालू आहेत," असे घरातलेच माणूस म्हणते, तेव्हा उत्तर देणे जड जाते. आमचा वाटा खरोखरच हजारांतला एक असेल. परंतु अपकार हजार जणांत वाटल्याने नाहीसा होत नाही. फक्त कोणाचाच राहत नाही. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आम्ही लहानपणी ऐकिली. राजाच्या आज्ञेवरून सगळ्या नगराचे दूध ओतूनही महादेवाचा गाभारा भरेना. मुलाबाळांस व वासरांस पाजून उरलेले खुलभर दूध एका म्हातारीने वाहिले, तेव्हा भरला. ही कहाणी भक्तीची म्हणून सांगतात. आम्हांस अलीकडे तीत क्रम दिसू लागला आहे: आधी कोण, मग कोण. देवासही ज्या रांगेत मागे उभे राहावे लागले, त्या रांगेत लॉनची जागा कोठली? वसईच्या राजेळी केळीस हिरवळीहून कमी पाणी लागते असे नाही. तरी त्या केळीची सुकेळी होत, एका घराची चूल पेटे. पाणी किती, हा एक प्रश्न. कशासाठी, हा दुसरा, आणि काकींच्या मोगऱ्याशी आमच्या गवताची तुलना करिताना दुसराच अधिक टोचतो.

गेल्या कार्तिकापासून हिरवळीचे पाणी बंद आहे. पंप काढिलेला नाही. घरची चार कुंड्या-झाडे व दारचा चाफा यांस तो दहा मिनिटे चालतो. नातवंडे नाराज आहेत, कारण माघातच जागेचे मैदान झाले. बावखल पुन्हा खणावे, असे आमच्या मनात आहे. घरात त्यावर एकमत नाही, डासांचा प्रश्न खराच आहे, आणि भरलेली माती काढून टाकावयाची कोठे हेही ठरत नाही. यंदाच्या वैशाखात आम्ही आपण होऊन काकींकडे गेलो व त्यांच्या विहिरीचे पाणी मागून प्यालो. मचूळच होते. काकींनी वर गुळाचा खडा दिला, आणि तुमचे गवत का वाळले म्हणून विचारले.