चांगल्या माणसाचा दोष



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने मला विचारले, "टीचर, गोष्टीतली चांगली माणसे इतकी कंटाळवाणी का असतात?" तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. टीव्हीवरच्या मालिकेत सोशिक सून नुसते डोळे पुसते आणि कारस्थानी जाऊच सर्वांच्या लक्षात राहते. पण जिला कधी राग येत नाही आणि जिचे कधी चुकत नाही, ती सून खरी माणूस वाटतच नाही. मग तिच्या चांगुलपणाचे कौतुक तरी कसे वाटावे?

आता श्यामची आई आठवा. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आपल्या पनवेलहून जो महामार्ग गोव्याकडे जातो, त्याच वाटेवरच्या कोकणात, दापोली तालुक्यातले पालगड हे गुरुजींचे गाव. मराठी माणसाला 'आई' म्हटले की हीच माऊली आठवते. तरीही पोहायला जायच्या भीतीने श्याम लपून बसतो, तेव्हा ती त्याला शिंपटीने मारून बाहेर काढते. आजच्या पालकांना हे पटणार नाही. पण आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ होती. तो पोहून आल्यावर तीच त्याला मायेने जवळ घेते. तिचा कठोर हात आणि तिची माया एकाच मनातून आलेली आहेत.

प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातही असा एक चांगला माणूस आहे. तो म्हणजे उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ (लूक १५:११-३२). त्याने घर सोडले नाही, पैसा उडवला नाही, शेतात राबत राहिला. धाकटा परत आला, तेव्हा मात्र तो रागाने दाराबाहेरच थांबला. त्याला 'माझा भाऊ' म्हणायलाही तयार होईना. हा दोष त्याच्यात कुठून आला? त्याच्या सेवेतूनच. प्रत्येक दिवसाचा हिशेब त्याने मनात मांडून ठेवला होता.

हा थोरला मला चांगला ठाऊक आहे. माझी आई शेवटची चार वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिचे सगळे मी केले. भाऊ आखातातून दोन आठवड्यांच्या रजेवर आला की तिचा चेहरा उजळायचा. एकदा तो तिला पेज भरवत होता. मी त्याच्या हातातली वाटी काढून घेतली आणि म्हणाले, "तुला जमायचे नाही." आई काही बोलली नाही, तिने भिंतीकडे तोंड फिरवले. त्या महिन्यात पापनिवेदनाला गेले, तेव्हा एका रविवारची मिस्सा चुकल्याचे सांगितले. वाटीचे सांगितले नाही. ते पाप आहे, असे मला वाटलेच नव्हते. आई गेल्यावर ते उमगले. मग फादरांना सांगितले आणि भावालाही.

दाखल्यातला बाप थोरल्यासाठीही घराबाहेर येतो. त्याची सेवा खोटी होती असे तो म्हणत नाही. उलट, माझे सगळे तुझेच आहे, असे सांगून त्याला आत बोलावतो. तो आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. वर्गातल्या त्या मुलीला मी हाच दाखला पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या रविवारी ती आली आणि तिने पहिला प्रश्न केला, "टीचर, तो गेला का हो आत?"

वेदीची सजावट, गायनमंडळ, सणाची तयारी, घरातल्या आजाऱ्यांची सेवा, हे सारे आपण मनापासून करतो. पुढच्या पापनिवेदनाआधी एवढेच स्वतःला विचारू या: माझ्या कोणत्या चांगल्या कामाचा हिशेब मी मनात ठेवला आहे, आणि त्यापायी कोणाच्या हातातली वाटी काढून घेतली आहे?