वारा कोणाचा आणि मेख कोणाची?

चैत्र-वैशाखाचे दिवस आले म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्यात गावोगावी मांडव उभे राहतात. कोठे विवाह, कोठे मंडळीची वार्षिक सभा, तर कोठे पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेस आलेल्या लोकांच्या राहुट्या. आणि ह्याच दिवसांत वळवाचा वारा अवचित उठतो. घटकाभरात आकाश काळवंडते, धुळीचा लोट येतो आणि मांडवाचे छत ताडताड फडफडू लागते. अशा वेळी मांडव कोसळून कोणास इजा झाली, तर लोक एकच वाक्य बोलतात: "देवाची करणी, तेथे माणसाचे काय चालणार?" हे वाक्य भक्तीचे आहे की आळसाचे, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

प्रथम मांडव उडतो कसा, हे पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा आडवा आला असता दर चौरस मीटरवर सुमारे १७ किलो वजनाइतका दाब पडतो. वीस फूट रुंद व तीस फूट लांब छत म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर कापड. तेवढ्या कापडाखाली असा वारा पूर्णपणे शिरला, तर ते साडेनऊशे किलोच्या आसपास जोराने वर उचलले जाईल. आकार व उतार ह्यांप्रमाणे हा आकडा कमीअधिक होतो. परंतु एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा जोर चौपट होतो, आणि वेग तिप्पट झाला म्हणजे नऊपट. म्हणून जो मांडव रोजच्या वाऱ्यात डोलतसुद्धा नाही, तो वादळात टिकेलच असे नव्हे. हा सर्व जोर शेवटी तणाव्यांतून जमिनीतल्या मेखांवर येतो. बारा मेखा असतील, तर प्रत्येकीने ऐंशी किलोची ओढ सोसली पाहिजे. त्यांतील दोन उपटल्या, की त्यांचा भार उरलेल्या दहांवर पडतो.

आता आपली जमीन पाहा. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस पडताच फुगून मऊ होते. भेगेशेजारी ठोकलेली मेख घणाचे चार घाव घालताच आत जाते, म्हणून ठोकणाऱ्यास समाधान वाटते. पण जी इतक्या सुखाने आत गेली, ती तितक्याच सुखाने बाहेर येते. बाभळीची खुंटी वाळवी खाते. पोलादी मेख अधिक टिकते खरी, तथापि हातभर लांबीचा गुळगुळीत गज ओल्या मातीत धरून राहत नाही. लांब, जाड आणि शक्य तर कंगोरे किंवा आटे असलेली मेख घ्यावी. ती मांडवाच्या उलट दिशेस थोडी कलती ठोकावी. तणावा तिच्या टोकास न बांधता जमिनीलगत बांधावा. जेथे शंका असेल तेथे एका मेखेमागे दुसरी ठोकून दोहींस जोडावे. लोखंड जमिनीच्या कडेशीच आधी गंजते, हेही दरवर्षी तपासावे. ह्यांत गूढ असे काही नाही. दोन तासांचे श्रम आणि थोडा पैसा, एवढेच त्याचे मोल आहे.

इतके समजल्यावर मूळ प्रश्नाकडे वळू. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात जाहिरातीचा एक अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे मरण पावली. महापालिकेच्या नियमाप्रमाणे फलक चाळीस फूट लांब-रुंद असावयाचा, तो एकशेवीस फुटांचा होता. आणि त्याचा पाया त्यास पुरेसा नव्हता, असे चौकशीत दिसून आले. त्या दिवशी वारा तर साऱ्या मुंबईवर वाहिला. मग हाच फलक का पडला? २३ जून २०१९ रोजी राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातील जसोल येथे कथेचा मांडव वादळात कोसळून डझनावर माणसे गेली. लोखंडी सांगाड्यात वीज उतरल्यानेही कित्येकांस धक्का बसला. ते लोक तर कथा ऐकावयास बसले होते.

येथे दोन चुका संभवतात. पहिली चूक मृतांस दोष देण्याची. "त्यांचे काही पाप असेल" असे बोलणारे जिभेचे शूर प्रत्येक गावी असतात. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे ठार झाली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी नव्हती, हे प्रभूने स्पष्ट सांगितले आहे. आपण तरी त्याहून शहाणे होऊ नये. दुसरी चूक सर्व भार देवावर टाकून मोकळे होण्याची. मोशेच्या नियमशास्त्रात नवे घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे, नाहीतर पडणाऱ्याचे रक्त त्या घरावर येते. उंचावरून पडलेली वस्तू खाली येते, हा नियम देवाचा. कठडा मात्र माणसाने करावयाचा. त्याचप्रमाणे वारा आपला नाही, परंतु मेख आपली आहे.

कोणी म्हणेल, "मांडव मंडपवाल्याने घातला, त्याचे तो पाहील." खरे आहे, ठोकण्याचे काम त्याचे. पण लोकांस बोलावणारे आपण. ज्याच्या शब्दावर म्हातारी माणसे व लेकरे त्या छताखाली येऊन बसतात, त्याने एकदा तणाव्याला हात लावून पाहावा, हे फार मागणे नव्हे. दुसरा म्हणेल, "आम्ही गरीब, लांब मेखा कोठून आणाव्या?" त्यास उत्तर असे की, दारिद्र्यात मांडव लहान करता येतो. मोठ्या छताची हौस भागवून मेखांत काटकसर करणे, ही गरिबी नव्हे.

हाच विचार कुंपणासही लागू आहे. आपल्या शेतात रोही व रानडुकरे शिरून सोयाबीन, तूर, हरभरा उद्ध्वस्त करतात. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या बाजूस काळविटांचे कळपही असतात. रात्रभर जागल करणाऱ्याचे दुःख घरी निजणाऱ्यास कळत नाही. म्हणून शेतकऱ्याने खांब रोवून तार ओढली, तर त्यात गैर काही नाही. परंतु काहीजण त्या तारेत घरची वीज सोडतात, आणि पहाटे तिला चिकटलेला आढळतो तो कधी शेजाऱ्याचा बैल, कधी शेजारी, कधी स्वतःचाच मुलगा. सौर झटका-यंत्र क्षणभर धक्का देऊन थांबते, म्हणून प्राण्यास मागे सरता येते. घरची वीज थांबत नाही, ती स्नायू आवळून धरते. कायद्याने तो गुन्हा आहेच. आणि झटका-यंत्रासही जमिनीत खोल ठोकलेला गज लागतो. तो नीट नसला तर धक्काच बसत नाही, आणि मग अधीर माणसास घरच्या विजेचा मोह पडतो.

मांडवाची मेख आतल्या माणसांसाठी, तर कुंपणाचा खांब बाहेरच्यांसाठी. दोहींत प्रश्न एकच: ज्याचे नाव आपणास ठाऊक नाही, जो अंधारात धुऱ्यावरून चालला आहे, त्याच्या जिवाचे ओझे आपण आपले मानतो की नाही? मेख मातीत गेली म्हणजे दिसत नाही. तिची कोणी स्तुती करीत नाही, आणि मांडव टिकला तर तिचे स्मरणही राहत नाही. म्हणूनच ती ठोकताना माणसाची परीक्षा होते.

ह्यास्तव गावोगावच्या उपदेशकांस व पंचांस विनंती आहे की, येत्या हंगामात सभेचा दिवस ठरवाल तेव्हाच दोन विश्वासू माणसे नेमावी. त्यांनी मेख ठोकण्यापूर्वी जमिनीखाली विजेची तार किंवा पाण्याचा नळ नाही, ह्याची खात्री करावी; प्रत्येक तणावा ओढून पाहावा; रात्री कोणी अडखळू नये म्हणून दोरास पांढरे कापड बांधावे; आणि वारा वाढू लागताच, गीत अर्धे राहिले तरी, लोकांस छताखालून बाहेर काढून जवळच्या पक्क्या इमारतीत न्यावे. इतके केल्यावर प्रार्थनेस हात जोडावे. ते हात तेव्हा मोकळे असतील, आणि स्वच्छही.