१२० ग्रॅमची नैतिकता

बीटी कपाशीवरचा वाद ठरलेल्या दोन टोकांवरून चालतो. एक बाजू म्हणते, विज्ञानाने शेतकरी तारला. दुसरी म्हणते, कंपन्यांनी तो लुटला. मला मात्र या वादापेक्षा बियाण्यासोबत मिळणारी एक छोटी पुडी जास्त छळते.

मार्च २००२मध्ये बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली. जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, की झाड स्वतःच बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार करतं. त्याआधी देशात हेक्टरी साधारण ३०० किलो रुई निघायची. २००७-०८मध्ये ती साडेपाचशेवर गेली. सगळं श्रेय बीटीचं नाही. गुजरातेतलं सिंचन, संकरित वाण, खतं, नवी कीटकनाशकं यांचाही त्यात वाटा आहे. पण बोंडं वाचली, हे खरं. पुढे मात्र उत्पादकता घसरून साडेचारशेच्या आसपास आली, आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचीच बोंडं पोखरली.

आता ती पुडी. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साधं, बिगर-बीटी बियाणं मिळायचं. ते शेताच्या कडेने पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, जे जास्त असेल तेवढं लावायचं, असा नियम होता. कारण असं, की असंख्य अळ्यांमध्ये बीटी पचवणारी एखादी निघतेच. तिचा पतंग तशाच दुसऱ्या पतंगाशी जुळला, तर पुढची सगळी पिढी बीटीला दाद देत नाही. पण साध्या कपाशीवर वाढलेले भरपूर पतंग आसपास असले, तर जोडी बहुधा त्यांच्याशी जमते आणि त्यांच्या अळ्या बीटीवर मरतात. अमेरिकन बोंडअळीला तूर, हरभरा असे इतर आसरे आहेत. गुलाबी बोंडअळी मात्र जवळपास फक्त कपाशीवर जगते. तिच्यासाठी ही पुडीच महत्त्वाची होती.

बहुतेकांनी ती लावलीच नाही.

ही चूक कुणाची? पाच एकरवाल्याला आपण सांगत होतो, की एक एकर बीटीविना ठेव. नुकसान आजचं आणि तुझं एकट्याचं. फायदा काही वर्षांनी, अख्ख्या तालुक्याचा, पुडी फेकून देणाऱ्या शेजाऱ्याचाही. कांट विचारेल, सगळेच असे वागले तर? शेतकरी म्हणेल, सगळे तसेच वागतायत, मग मी एकट्याने नुकसान सोसून अळी थांबणार आहे का? मला दोघांचंही पटतं. कर्तव्य खरं आहे, पण ज्याच्या खिशात सर्वांत कमी आहे त्याच्यावरच ते सर्वांत जड पडतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. दहातले नऊ जण एखादी पायरी गाळत असतील, तर लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नसतो. पायरीची रचना चुकलेली असते. चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित बीटी कपाशीच्या दुसऱ्या पिढीचं बी पेरलं. त्यातली सुमारे चौथाई झाडं आपोआप बिगर-बीटी निघाली आणि गुलाबी बोंडअळीची वाढलेली प्रतिकारशक्ती ओसरली. कुणाला त्यागाचं आवाहन करावं लागलं नाही.

भारतातही नंतर बीटीच्या पाकिटातच ५ ते १० टक्के साधं बी मिसळण्याची पद्धत आली. रचना म्हणून ती मला बरी वाटते, पण इथे एक नवा पेच आहे. पुडी फेकण्याचा पर्याय काढून घेतला, की शेतकऱ्याचं ‘नाही’ म्हणणंही जातं. म्हणून मिसळलेलं बी त्याला सांगून, समजावून विकायला हवं, आणि त्या झाडांचा तोटा पाकिटाच्या किमतीतून वळता व्हायला हवा. सगळ्यांच्या भल्याचं बिल एकाच्या नावावर फाडायचं आणि त्याने ते भरलं नाही, की त्याला बेजबाबदार म्हणायचं, हे मला न्याय्य वाटत नाही.

तणनाशकाला दाद न देणाऱ्या कपाशीचं अवैध बियाणं आज महाराष्ट्रात पेरलं जातंय. उद्या ते कायदेशीर झालं, तर तणंही हळूहळू निर्ढावतील. तेव्हा उत्पादन किती वाढेल हे जरूर विचारूया. पण ते टिकवण्याची किंमत कोण मोजणार, हेही परवानगीच्या आधीच ठरवूया.