क्रियापदाचा स्वर

वेदपाठात मुख्य वाक्यातले क्रियापद वाक्याच्या किंवा चरणाच्या आरंभी नसेल, तर ते अनुदात्त, म्हणजे खालच्या स्वरात म्हणतात. 'यद्'सारखा शब्द आला आणि वाक्य गौण झाले की त्याच क्रियापदाला उदात्त, म्हणजे चढा स्वर, मिळतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात हे नियम सांगितले आहेत.

यातून एक पेच उभा राहतो. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या मते वैदिक वाक्याचा प्राण क्रियापदात असतो. 'यजेत' मधला 'यज्' नुसता धातू, पण 'करावे' ही प्रेरणा प्रत्ययात. मग ज्या शब्दाने आज्ञा करायची, त्याचाच आवाज खाली का?

इटालियनमध्ये असा पेच पडत नाही. 'का-पि-तो' मध्ये जोर पहिल्या अक्षरावर दिला तर 'मी येऊन पडतो', दुसऱ्यावर दिला तर 'समजलेले', शेवटच्यावर दिला तर 'घडले'. तिथे जोर शब्दाच्या मालकीचा असतो. मराठीत जोराने अर्थ फिरत नाही, अक्षरे मात्र हलतात: 'सरकतो' म्हणताना स-रक्-तो, 'सरकू' म्हणताना सर्-कू.

ठाण्याच्या नौपाड्यात गणेशोत्सवात अथर्वशीर्षाची आवर्तने होतात. स्वरांकित पुस्तिकेत अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, डोक्यावर उभी रेघ म्हणजे स्वरित. उदात्ताला खूणच नसते. तिथला 'वच्मि' हा शब्द कागदावर व आणि च्मि असा दिसतो, तोंडात मात्र वच्-मि असा तुटतो. मराठी कानाला स्वरांचे चढउतार चालीसारखे वाटतात, त्यामुळे सामूहिक पठणात ते बहुधा सपाट होतात.

स्वर चुकल्याने काय होते हे सांगताना वृत्राची गोष्ट हमखास निघते. वृत्राला निर्माण करणाऱ्या त्वष्ट्याने 'इन्द्रशत्रु' म्हणताना शेवटचे अक्षर चढवायचे ते पहिले चढवले. इंद्राला मारणारा हवा होता, इंद्राच्या हातून मरणारा झाला. पण तो समास आहे, तिथे स्वराने अर्थच उलटतो. क्रियापदाचे तसे नाही. 'यजेत' चढवा वा उतरवा, अर्थ तोच. बदलते ते वाक्यातले स्थान. तेव्हा खालचा स्वर हा कमीपणा नव्हे. तो क्रियापद दुसऱ्या शब्दांना टेकले असल्याची खूण आहे.

इथे वैयाकरण भर्तृहरीचे पारडे जड होते. त्याच्या मते अर्थाचा खरा घटक अखंड वाक्य; शब्द ही समजण्यासाठी पाडलेली फोड. मीमांसक कुमारिल भट्ट उलट म्हणतो: आधी शब्द आपापले अर्थ सांगतात, मग त्यांचा अन्वय लागतो. कुमारिलाची अडचण पदपाठात दिसते. तिथे संधी सोडवून प्रत्येक शब्द सुटा केलेला असतो. तरी मुख्य वाक्यातले ते क्रियापद अनुदात्तच राहते, त्याच्या अक्षरांखाली आडव्या रेघा असतात.